उजवीकडचा दगड

खजुराच्या घडांना पिवळा रंग चढला की आमच्या घरमालकीणबाईंना कंठ फुटतो. एरवी त्या मुक्या असतात असं नाही, पण इथल्या उन्हाळ्यात सगळेच एसीखाली कोंडलेले. दाराला दार लागून असलं तरी महिना महिना कुणी कुणाच्या दृष्टीस पडत नाही. मग एका संध्याकाळी दारावर थाप पडते. बाहेर उम्म सालेम उभ्या, म्हणजे सालेमची आई. त्यांचं खरं नाव बरक्यात, ओमानच्या किनाऱ्यावरच्या या आमच्या गावात, कुणी घेत नाही, मलाही माहीत नाही. त्यांच्या हातात ताटली आणि ताटलीत झाडावरून नुकतेच उतरवलेले खजूर, अर्धे पिवळेधमक, अर्धे पिकून मऊ तपकिरी झालेले.

यंदाही ताटली आली. मी पहिला खजूर तोंडात टाकला आणि त्या त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "जुम्मा के बाद हौश में टाइल लगेगा. मिट्टी बहुत, बिच्छू आता. खलास."

हौश म्हणजे अंगण. टाइल म्हणजे त्या खाचेत खाच बसणाऱ्या सिमेंटच्या लाद्या, आपण पेव्हर ब्लॉक म्हणतो त्या. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. अंगणातली माती घरात येते म्हणून सर्वात जास्त कटकट मीच केली आहे. पण तोंडातली बी तोंडातच राहिली आणि माझी नजर दारापाशी गेली. घरातून बाहेर पडताना उजव्या हाताला तिथं एक दगड आहे. वाडीतून, म्हणजे इथल्या कोरड्या नदीतून आणलेला, गुळगुळीत, पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा. त्याच्याखाली कोण आहे ते मला माहीत आहे. त्याची राखण करीन असा शब्द मी एका बाईला दिला आहे, आणि ती बाई समुद्रापलीकडे, बालीत आहे.

शुक्रवार तोंडावर आला होता.

मला धक्के बसलेले आवडत नाहीत. मी नकाशे काढणारी बाई आहे. मस्कतला एका कन्सल्टंटच्या ऑफिसात बसून लोकांच्या घरांचे प्लॅन आखते. भिंत कुठं, ड्रेनेज कुठं, पाण्याची टाकी कुठं, सगळं कागदावर दिसतं, आणि जे कागदावर नाही ते जागेवरही नसतं असा माझा समज होता. तो समज मोडला काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात. खजूर पिवळे पडायला लागले की तो उन्हाळा माझ्या अंगात शिरतो. दमट, चिकट वारा, समुद्रावरून येणारा सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि अंगणाच्या पलीकडच्या दारातून येणारा खोबरेल तेलात तळलेल्या कांद्याचा वास.

मस्कतचं खुराडं सोडून आम्ही तेव्हा नुकतेच बरक्याला आलो होतो. नवरा, मी आणि आमची मुलगी मित्रा. उम्म सालेमनी आपल्या जुन्या व्हिलाचे मधे भिंत घालून दोन भाग केले होते. अंगण तेवढं सामायिक. दुसऱ्या भागात वायान आणि कोमांग हे जोडपं आधीपासून राहत होतं. वायान सुतार. इकडे समुद्रकाठी एक रिसॉर्ट आहे, तिथं पाहुण्यांसाठी बालीसारखे गवती छपराचे मंडप बांधले आहेत. ते मंडप उन्हानं तडकतात, वाऱ्यानं पिंजतात, आणि ते जागेवर ठेवायला बालीचीच माणसं लागतात. कोमांग त्याच रिसॉर्टवर मालिश करायच्या कामाला होती. आम्ही आलो तेव्हा तिला सातवा महिना होता म्हणून ती घरीच असे. आमची भाषा म्हणजे अर्धं इंग्रजी, पाव हिंदी आणि उरलेले हातवारे. मी इथं ती सगळी मराठीत लिहिते आहे, पण तिचे काही शब्द तसेच ठेवावे लागतील, कारण त्यांना माझ्याकडे शब्द नाही.

पहिल्याच दिवशी ती मला फाटकाशी घेऊन गेली. आमच्या फाटकातून आत आलं की समोर एक आडवी भिंत आहे. रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट घरातल्या बायकांवर पडू नये म्हणून ओमानी घरांत ती असते. कोमांगनं त्या भिंतीवर थाप मारली आणि लॉटरी लागल्यासारखी म्हणाली, "आलिंग-आलिंग!" बालीतही फाटकामागं अशीच भिंत असते. पण तिथं ती माणसांसाठी नाही, भुतांसाठी. भुतं सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, मग ती भिंतीवर आपटून परत जातात.

"आमच्याकडची वळतात," मी म्हटलं. "सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा येऊन बसतात."

तिला ते कितपत कळलं कोण जाणे, पण ती पोट धरून हसली. तिथून आमचं जमलं.

हळूहळू तिनं त्या सबंध घराला बाली करून टाकलं. पाहुण्यांची मजलिस झाली बाले. बाले म्हणजे खांबांवर उभा चौथरा, भिंती असल्या तर असल्या. स्वयंपाकघर झालं पाओन. उम्म सालेमची खजुराचे डबे ठेवायची खोली झाली लुंबुंग, भाताचं कोठार. आणि अंगण झालं नाताह. तिच्या गावी घर म्हणजे एक इमारत नव्हेच. कुंपणाच्या आत निजायचा बाले वेगळा, सणावाराचा वेगळा, चूल वेगळी, कोठार वेगळं, देवांचा कोपरा वेगळा, आणि या सगळ्यांच्या मधे नाताह. ती म्हणे, घर म्हणजे आडवा झालेला माणूस. देवांचा कोपरा हे डोकं, बाले हे हात, पाओन हे पाय, आणि नाताह म्हणजे बेंबी.

"अंगण म्हणजे बेंबी?" मी विचारलं.

"मग? तिथूनच तर सगळे जोडलेले असतात."

मग तिनं मला माझ्या घरातल्या खोल्यांची नावं विचारली आणि मी अडले. ओटी, पडवी, माजघर, कोठीची खोली हे शब्द मला येतात. शाळेच्या पुस्तकात होते, गावातल्या वरच्या आळीच्या घरांत होते. आमचं घर महाडच्या पुढं, गावाच्या कडेला, आमच्या वस्तीत. त्याला होती पुढची खोली आणि मागची खोली. मागं मोरी, मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं शेवग्याचं झाड, संपलं. देवघरही नव्हतं, कारण आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव नदीत सोडले. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि रोज संध्याकाळची वंदना, एवढंच. मी कोमांगला शेवग्याबद्दल मात्र सांगितलं. आमचे बाबा मुंबईहून कुणी पाहुणा आला की त्या झाडाच्या बुंध्याला हात लावून म्हणत, "नाळ पुरलीय इथं. कुठं जाणार आपण?" मी मोठी होऊन ओमानला आले तरी नाळ महाडला आहे, असं मी सगळीकडे मिरवत असे.

कोमांगनं ते फार गंभीरपणे ऐकलं. तिनं पोटावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही.

नावांची गोष्टही त्याच दिवसांतली. बालीत पहिल्या मुलाचं नाव वायान किंवा पुतू, मग मुलगा असो की मुलगी. दुसऱ्याचं मादे किंवा कादेक. तिसऱ्याचं न्योमान किंवा कोमांग. चौथ्याचं कतुत. पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरू. पुढं काय लावायची ती खास नावं लावतात, पण हाक ही अशी. म्हणजे नाव ऐकलं की माणूस घरातला कितवा ते कळतं. मला हसूच आवरेना. मी म्हटलं, "हे नाव आहे की रेशनच्या दुकानाचं टोकन?" मग म्हटलं, "मी घरातली थोरली. मला पाठचा भाऊ. मी तुमच्यात जन्मले असते तर पुतूच!"

तिनं जोरात मान हलवली. मग म्हणाली, "पुतू नको. वायान म्हण. तेही चालतं." तेव्हापासून ती मला म्बोक वायान म्हणू लागली. म्बोक म्हणजे ताई. मला वाटलं, पुतूपेक्षा वायान जास्त मानाचं असेल.

आणि तो दगड. रोज दिवेलागणीला कोमांग त्या दगडापाशी बसे, वाढलेलं पोट सावरत. केळीच्या पानाच्या तुकड्यावर भाताची चार शितं, एखादं फूल, आणि मातीच्या पणतीत तेलाचा दिवा. वाऱ्यानं विझू नये म्हणून दिव्यावर खजुराच्या पात्यांची टोपली पालथी. आम्हां बौद्ध घरातल्या माणसांना दगडापुढं दिवा दिसला की पुढचं काही दिसत नाही. मी विचारलं, "हा तुझा देव का?"

"देव नाही."

"मग?"

"घरातला."

म्हणजे कुलदैवत, मी मनात म्हटलं, आमच्या आजोबांनी नदीत सोडलं तसलं एखादं. मी तिला आमच्या आजोबांची गोष्टही ऐकवली, त्यातल्या विचारासकट. तिनं मान डोलावली आणि टोपली नीट बसवली.

तिला कळा आल्या त्या दुपारी बाहेर पाय ठेवला तर चपलेचा तळ चिकटेल असं ऊन होतं. आमच्याकडे गाडी होती म्हणून मी दोघांना हॉस्पिटलात नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. संध्याकाळी वायानला घेऊन मी परत निघाले, तर त्याच्या मांडीवर एक प्लॅस्टिकचा डबा. झाकण घट्ट, वरून पिशवी. मला वाटलं, हॉस्पिटलच्या कँटीनमधून काही बांधून घेतलं असेल, दिवसभर पोटात अन्न नव्हतं त्याच्या.

"डब्यात काय रे?" मी विचारलं.

"बाळाचं भावंड," तो म्हणाला. अगदी शांतपणे, शेजारच्या सीटवर कोण बसलंय ते सांगावं तसा.

बरक्याच्या राउंडअबाउटवर मी करकचून ब्रेक मारला. मागच्या पिकअपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. जुळं होतं आणि एक गेलं, असंच माझ्या डोक्यात आलं. वायान घाईघाईनं समजावू लागला, नाही नाही, बाळ एकच. ही त्याची वार. मूल एकटं येत नाही, त्याच्याबरोबर त्याची भावंडं येतात, त्यातलं हे थोरलं. ते फेकायचं नसतं. बापानं आपल्या हातानं धुऊन घराशी पुरायचं, म्हणजे ते जन्मभर मुलाची पाठराखण करतं. नर्सनं विचारलंसुद्धा नाही म्हणे. इथंही लोक मागून नेतात.

गाडी पुन्हा सुरू करताना माझ्या तोंडातून निघालं काय, तर "आमच्यातसुद्धा पुरायचे." नाळेचा तो शेवगा मला आठवत होता. पण आठवणं वेगळं आणि तो डबा मांडीवर घेतलेला माणूस शेजारी असणं वेगळं. आपण जी म्हण म्हणून वापरतो ती त्याच्या मांडीवर होती.

घरी आल्यावर त्यानं अंगणातल्या नळाखाली ती वार धुतली. सुपरमार्केटातून आणलेला नारळ फोडून दोन करवंट्या केल्या. वार आत ठेवली, फुलं ठेवली, करवंट्या जुळवल्या आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळल्या. मी आणि मित्रा उंबऱ्यात उभ्या होतो. मित्रा तेव्हा दुसरीत. तिला आत पाठवायला हवं होतं, पण माझाच पाय हलत नव्हता. वायाननं दाराच्या डाव्या हाताला खड्डा खणला. "मुलीची डावीकडे," तो म्हणाला. "मुलाची उजवीकडे." माती लोटली, वर वाडीतला एक गुळगुळीत दगड ठेवला. त्यांच्याकडे वर काटेरी केवडा लावतात. इथं केवडा कुठला, म्हणून उम्म सालेमच्या झाडाची काटेरी फांदी खोचली. पणती ठेवली. टोपली पालथी घातली.

मित्रा म्हणाली, "मम्मा, त्या साइडला पण सेम स्टोन आहे. सेम बास्केट."

पोरीनं सहज म्हटलं. मी उजवीकडे पाहिलं. डावीकडे मुलगी. उजवीकडे मुलगा. तरी मी स्वतःला सांगत होते की नाही, तसं नसेल, ते आधीच्या भाडेकरूचं असेल, काहीतरी असेल. मी वायानला विचारलं, "नाव काय ठेवणार हिचं?" मला पुतू ऐकायचं होतं. पहिलं मूल आहे, पुतूच म्हणणार.

"कादेक," तो म्हणाला.

दुसरी.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढे आठवडे मी त्या दगडाशेजारच्या पायरीवर बसून लसूण सोलला होता, कोमांगला आजोबांचे विचार ऐकवले होते, आणि तो घरातला, घरातला म्हणून ती सांगत होती तो हा. वायान तिथंच मातीत बसला. त्यानं थोडक्यात सांगितलं, मान वर न करता. आदल्या खजुराच्या हंगामात पुतू झाला, याच घरात. हसायला शिकला होता. एका सकाळी उठलाच नाही. बालीत मुलाला पहिले तीन महिने जमिनीला पाय लावू देत नाहीत, नुसतं कडेवर आणि मांडीवर. मग विधी करून पहिल्यांदा मातीवर उभं करतात. पुतूचा तो दिवस आलाच नाही. त्याला पेटीत घालून विमानानं गावी नेलं. त्याचं भावंड इथं राहिलं.

"त्याचे पाय कधी जमिनीला लागले नाहीत," वायान म्हणाला, "पण तो इथं आहे."

धक्का मृत्यूचा तर होताच, पण त्याहून मोठा दुसरा होता. त्या घरात कुणीही काही लपवलं नव्हतं. दगड उघड्यावर, दिवा उघड्यावर, आणि नवी मुलगी तर जन्मल्या क्षणी आपल्या नावातच सांगत आली की माझ्या आधी एक आहे. नकाशा वाचता येत नव्हता तो मला. पुढं कोमांग बाळाला घेऊन घरी आली. मी तिला मिठी मारली आणि रडले, ती मात्र माझ्या पाठीवर थोपटत राहिली. बाळंतीण ती, आणि समजूत माझी.

कादेक पावलं टाकू लागली त्या सुमारास वायानचं कंत्राट संपलं. निघायच्या दिवशी कोमांगनं डावीकडच्या दगडाखालची मूठभर माती पांढऱ्या फडक्यात बांधली. घर बदललं की असं करतात, मूठभर मातीबरोबर ते भावंड नव्या घरी येतं. मग ती उजवीकडे गेली. वाकली, थांबली आणि रिकाम्या हातानं परत आली. "हा इथंच बरा," ती म्हणाली. "तो जगला ते इथंच. तिथं त्याला कोण ओळखतं?" मग माझा हात धरून म्हणाली, "म्बोक, त्याला अंधारात ठेवू नको."

मी म्हटलं, "कोमांग, मी दिवाबिवा लावत नाही गं, तुला ठाऊक आहे."

"देवाला लाव म्हणत नाही. मुलाला लाव म्हणते."

यावर वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती. मी मधला मार्ग काढला. बागेत खोचतात तो सोलर दिवा आणला आणि दगडाशेजारी रोवला. ऊन उतरलं की आपोआप लागतो. त्यात श्रद्धा नाही, अंधश्रद्धा नाही, फक्त बॅटरी. व्हिडिओ कॉलवर कोमांगला दाखवला तर ती खूश झाली. तेव्हापासून तो लागतोच आहे. बॅटरी गेली की मी नवी घालते, आणि नवऱ्यानं एकदा विचारलं तर म्हटलं, अंगणात विंचू येतात.

आता त्याच विंचवांचं निमित्त करून टाइल येणार होत्या. ताटली परत द्यायला मी उम्म सालेमकडे गेले आणि चाचरत दगडाचा विषय काढला. एवढा एक कोपरा सोडता येईल का, म्हटलं, कारण तिथं... पुढचं हिंदीत कसं सांगावं या विचारात मी होते, तर त्याच म्हणाल्या, "मालूम. वो बच्चा का. गड्ढे का जगह मैंने बताया था."

रिकामी ताटली माझ्याच हातात राहिली.

"हमारा भी ऐसा गाड़ता था," त्या म्हणाल्या. "मैं अरीश में पैदा हुआ." अरीश म्हणजे खजुराच्या झावळ्यांची झोपडी. एके काळी या किनाऱ्यावर सगळे त्यातच राहत. "अरीश उधर था." त्यांनी फाटकाबाहेर हात केला. तिकडे गाड्या भरधाव चालल्या होत्या. "अभी उसके ऊपर रोड है. सबके ऊपर रोड आता है. तुम बोलो, मैं एक टाइल छोड़ेगा. लेकिन माँ को पूछो."

मी कोमांगला फोन लावला. टाइलचं तिला सांगितलं. मागं कादेकचा आवाज येत होता, शाळेतून आलेली, काहीतरी मागत होती. मग कोमांग म्हणाली, "कादेक रोज विचारते, पुतू कुठे आहे. तिला स्वतःचं नाव कळतं ना, म्हणून. आता आणूया त्याला." रिसॉर्टवरचा एक सुतार सुट्टीवर गावी निघाला होता, त्याच्याकडे माती द्यायची. "पण नुसती मूठ उचलू नको," ती म्हणाली. "त्याला सांग, आपण जातोय म्हणून. नाहीतर तो तिथंच राहील."

"मी काय सांगू? मला तुझी भाषा येत नाही."

"तुझ्या भाषेत सांग. त्याच्या जन्मापासून तो त्याच अंगणात आहे. तुझं मराठी त्यानंच सगळ्यांत जास्त ऐकलंय."

हे काही खोटं नव्हतं. मित्राशी मराठीत बोलावं तर ती इंग्रजीत उत्तर देते. अंगणात फोनवर मोठमोठ्यानं मराठी बोलणारी मी एकटीच. पण जमिनीखालच्या मुलाशी काय बोलतात? मला काहीच येत नव्हतं. आमच्याकडे हे सगळं होतं तेव्हाच्या बायकांपैकी एकच आता उरली आहे, म्हणून मी गावी आईला फोन केला.

"आई, पूर्वी वार पुरताना काय म्हणायचे गं?"

"कुणाची पुरताय आता?" ती दचकली.

"कुणाची नाही. असंच. माझी पुरली तेव्हा आजी काय म्हणाली होती?"

"तुझी कुठं पुरली? तू महाडच्या दवाखान्यात झालीस. तुझी त्यांनीच टाकली असंल. पुरली ती तिची."

फोनमधून टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"कुणाची, आई?"

"जाऊ दे. कामं नाहीत का तुला?"

"कुणाची?"

"थोरलीची," आई म्हणाली.

मी उभी होते ती पायरीवर बसले. तिथंच, दगडाशेजारी. पायरी तापलेली होती, तरी उठवेना.

"घरीच झाली व्हती. शेवगा नुकताच लावलेला. महिनाभर राह्यली. नाव ठेवायचं ठरवत होतो, तोवर गेली. तुझे बाबा म्हणाले, आता बोलायचं नाही. नाही बोलले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

काय विचारणार होते मी? कसं? बाबा शेवग्याला हात लावून म्हणत, नाळ पुरलीय इथं. माझी, असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते माझं मीच धरून चालले. पाहुण्यांपुढं, मैत्रिणींपुढं, कोमांगपुढं मी त्या झाडाची मालकी सांगत आले आणि बाबा मात्र थोरलीच्या झाडाच्या बुंध्याला हात लावत होते. इतकी वर्षं मी थोरली म्हणून मिरवले. भावाला दटावलं, लग्नात मान घेतला, घरातले निर्णय अंगावर घेतले. बालीत जन्मले असते तर पहिल्या हाकेलाच मला कळलं असतं. आमच्याकडे नाव कुणाला मोजत नाही, आणि जिचं नावच ठेवलं नाही ती तर मोजण्यातूनच गेली. मी संतापले होते की घाबरले होते, मला आजही सांगता येत नाही.

"आई," मी शेवटी विचारलं, "आजी काय म्हणाली होती पुरताना?"

"काय म्हणणार? म्हणाली, हितंच ऱ्हा बाय. लांब जाऊ नको."

शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी तो दगड बाजूला केला. सोलर दिवा उपटला. खाली माती गार होती, या उन्हाळ्यातसुद्धा. मित्रा पांढरं फडकं धरून शेजारी बसली होती. आता ती माझ्या खांद्याला लागते. मी मूठभर माती उचलली. मग म्हटलं, "चल रे राजा. आईकडे जायचं. कादेक वाट बघतेय." मित्राही हळू, अडखळत मराठीत म्हणाली, "घाबरू नको हं." मग आम्ही फडक्याची गाठ मारली.

कोमांगचा फोन आलाच. "म्बोक वायान, झालं?"

"झालं. निघाला तो."

ती रडत होती, हसत होती. मग म्हटलं, "कोमांग, मी वायान नाही. कादेक आहे."

तिनं असं कसं म्हणून विचारलं नाही. कधी कळलं, कोणी सांगितलं, काहीच नाही. जिच्या गावात प्रत्येकाच्या नावात आधीची माणसं उभी असतात, तिला तेवढं एक वाक्य पुरलं.

"उजवीकडे की डावीकडे?" तिनं विचारलं.

"डावीकडे."

"तिथं दिवा आहे का, म्बोक कादेक?"

सोलर दिवा माझ्या हातातच होता.